फुटणे आणि फोडणे : दुर्घटनांनंतरच्या मराठीचे एक वाचन

आमच्या घरात काळाचे दोनच भाग होते, पुराच्या आधीचा आणि पुराच्या नंतरचा. पितळी डबे पुराच्या आधीचे, लोखंडी कपाट पुरानंतरचे. मावशीचे लग्न पुराच्या आदल्या वर्षी झालेले. माझा जन्म पुरानंतर काही वर्षांनी, गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीतला. नारायण पेठेतला वाडा मी कधी पाहिला नाही, पण त्याच्या ओसरीला किती खांब होते हे मला पाठ होते, कारण आई ते वरचेवर मोजून दाखवी. पूर म्हणजे १२ जुलै १९६१ चा. त्याची हकीकत सांगताना आईचे पहिले वाक्य ठरलेले असे : ‘पानशेत फुटलं.’

एकदा, सात-आठ वर्षांचा असेन, मी मध्येच विचारले, ‘कुणी फोडलं?’ प्रश्नात काही विशेष नव्हते. आमच्याकडे बरणी, पाटी, खिडकीची काच, काहीही फुटले की पाठोपाठ हाच प्रश्न येई आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा मी असे. वडील कचेरीत कारकून होते. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितले, ‘फुटलं म्हणतेय ती. फोडलं नाही म्हणत.’

पुढे मी मराठी शिकवण्यात आयुष्य काढले आणि हा फरक फळ्यावर कितीतरी वेळा लिहिला. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे. मो. के. दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत या जोड्या कुठे ना कुठे भेटतातच. पहिले क्रियापद अकर्मक. त्याला करणारा लागत नाही, जे घडते ते वस्तूच्या अंगातूनच घडल्यासारखे वाटते. दुसरे सकर्मक. ते उच्चारले की कोण, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. इंग्रजीत अनेकदा एकच क्रियापद दोन्ही कामे करते. मराठी बोलणाऱ्याला मात्र तोंड उघडतानाच निवड करावी लागते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि शेजारी पूल पडले, धरण फुटले, माणसे चेंगरून मेली. त्या त्या वेळची कात्रणे मी ठेवत गेलो. ती एका बैठकीत वाचली तेव्हा जाणवले की दुर्घटनेनंतरचा सगळा वाद, दोष कुणाचा हा वाद, मुळात या निवडीवरचा वाद आहे. आणि तो वाद आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी लढतो.

पानशेतपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्याकडच्या या वादाचा जुना आणि मोठा नमुना तोच आहे. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण. काम पूर्णपणे संपलेले नव्हते, धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीची दारे आणि ती उचलण्याची यंत्रणा अपुरी होती, आणि तरीही १९६१ च्या पावसाळ्यात तिथे पाणी अडवले गेले. (‘अडवले गेले’. पाहा, मीसुद्धा कर्ता गाळून मोकळा झालो.) पोलादाच्या टंचाईमुळे मोरीच्या बांधकामात सळई घालण्याचे टाळले, साधे काँक्रीटच वापरले, असे त्यावरच्या लेखनात सांगितले जाते. अर्धवट दारांखालून सुटलेल्या पाण्याच्या धडकांनी मोरीला हादरे बसू लागले, तिच्यावरची माती खचू लागली आणि धरणाचा माथा खाली बसत चालला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्या पोत्यांनी पुण्याला काही तास मिळवून दिले, एरवी हे पाणी झोपलेल्या गावावर आले असते. १२ तारखेला सकाळी पानशेत गेले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही टिकले नाही. किती माणसे गेली यावर आजही एकमत नाही, हजारच्या आसपास हा आकडा सर्रास दिला जातो. पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी उरले नाही, कारण ते ज्या तळ्यातून येई ते तळेच रिकामे झाले होते.

चौकशी आयोग नेमला गेला, न्या. बावडेकरांचा. तो काम करत असतानाच बावडेकरांचा मृत्यू झाला. त्याभोवती पुण्यात जी बोलवा उठली ती माझ्या लहानपणापर्यंत ओट्याओट्यांवर जिवंत होती. मग न्या. व्ही. ए. नाईक यांचा दुसरा आयोग आला आणि त्याचा अहवाल १९६३ मध्ये निघाला. दोन आयोग, दोन वर्षे आणि शहरभर चर्चा. पण ही चर्चा ज्यांनी ऐकली त्या पिढीला विचारले की दोष कुणाचा ठरला, तर माणसाचे नाव फारसे कुणी सांगत नाही. एक शब्द सांगतात, ‘घाई’. ‘घाई नडली.’ वडीलही हेच म्हणत.

या वाक्याचा मी बराच विचार केला आहे. घाई हे भाववाचक नाम आहे, आणि इथे ते कर्ता होऊन बसले आहे. घाई कुणीतरी करते. कुणीतरी तारीख अलीकडे आणते, कुणीतरी ती मान्य करते. तिसऱ्या कुणाला ती मान्य नसते आणि तो गप्प बसतो. ‘घाई नडली’ म्हटले की ही सगळी माणसे एका नामात विरघळून जातात आणि ते नाम साथीच्या रोगासारखे वाटू लागते, आली आणि नडली. याच कुळातली आणखी नामे आजच्या कात्रणांत ओळीने सापडतात : दुर्लक्ष, दिरंगाई, अनास्था, समन्वयाचा अभाव. ‘दुर्लक्ष झाले’ हे वाक्य तर मला आपल्या सार्वजनिक मराठीतले सर्वांत निसरडे वाक्य वाटते. ते कबुलीजबाबासारखे ऐकू येते आणि त्यात कबूल करणारा कुणीच नसतो.

प्रशासकीय मराठीने यात स्वतःची भर घातली आहे ती ‘-ण्यात येणे’ या रचनेची. पाहणी करण्यात आली होती. चौकशी करण्यात येईल. दोषींवर कठोर कारवाई करण्यात येईल. या रचनेत क्रिया जणू स्वतःच्या पायांनी चालत येते आणि जाते. शासन अनेकांचे मिळून चालते, प्रत्येक पत्रात नाव कसे घालणार, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद मला मान्य आहे. रोजच्या कामात ही रचना सोयीचीच आहे. पण माणसे मेल्यावरही तीच वापरली की सोय उरत नाही, आडोसा होतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल वाहून गेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल. अंधारात दोन एसटी बस आणि काही वाहने पाण्यात गेली, आणि कितीतरी दिवस खाडीपर्यंत प्रेते शोधली जात होती. पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती आणि त्यात तो सुरक्षित आढळला होता, असे विधानसभेत सांगण्यात आले. हे खरेच असणार, कागद असणार. पण ‘सुरक्षित आढळला’ म्हणजे काय? पाण्याच्या तळाशी, जिथे खांबाचा पाया उघडा पडत असतो तिथे कुणी पाहिले, कशाने पाहिले, की पुलावर उभे राहून दोन्ही बाजूंना डोकावले? ‘आढळणे’ हेही अकर्मकच. आढळते, म्हणजे शोधल्याशिवायही समोर येते. पहिल्या दिवसाच्या बातम्यांत कर्ता एकच होता, पाऊस. महाबळेश्वरात कोसळलेला, नदीचा दाब वाढवणारा. पाऊस हा कोकणातल्या पुलाला अनोळखी नाही. अठ्ठ्याऐंशी पावसाळे त्या पुलाने पाहिले होते. नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला, आणि ही संख्या भाषणांत पुन्हापुन्हा आली. बांधताना कर्ता असतो, त्याचे नाव कोनशिलेवर असते. पडताना पूल आपला आपण पडतो.

कर्ता नसलेली वाक्ये लोकांना फार काळ पुरत नाहीत, हेही खरे. माणूस मेला आहे, कुणीतरी केले असलेच पाहिजे, ही मागणी रास्त असते. तेव्हा पुढच्या टप्प्यावर कर्ता पुरवला जातो, आणि माझ्या वाचनात खरी गंमत, गंमत हा शब्द वाईट आहे पण दुसरा सुचत नाही, तिथे सुरू होते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे मेली. दोन-तीन दिवसांत तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की धरणाला खेकड्यांनी भोके पाडली होती, त्यामुळे गळती झाली. महाराष्ट्र हसला, संतापला. ठाण्यात विरोधी पक्षाच्या लोकांनी जिवंत खेकडे पोलीस ठाण्यात नेले आणि आरोपी हजर आहेत म्हणून सांगितले. व्यंगचित्रे आली, विनोद आले. काही आठवडे खेकडा हा राज्यातला सर्वांत प्रसिद्ध प्राणी होता.

त्या हसण्यात मीही होतो. पण नंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने, घरची भातशेती असलेल्या, मला गप्प केले. ‘सर, खेकडा बांध फोडतोच. आम्ही दर वर्षी लावणीआधी बांधाची भोकं शोधून बुजवतो. नाही बुजवली तर रातोरात खाचर रिकामं होतं.’ मातीच्या बंधाऱ्याला प्राण्यांच्या बिळांतून पाझर फुटतो, पाझर मातीचे कण घेऊन वाहू लागतो, वाट रुंदावत जाते आणि एका रात्री सगळे जाते, हे स्थापत्यशास्त्रही मान्य करते. मातीच्या धरणांच्या देखभालीत बिळे शोधणे हे नेमून दिलेले काम असते. म्हणजे मंत्र्यांचे वाक्य हास्यास्पद नव्हते. ते अर्धे होते. ‘खेकड्यांनी भोके पाडली’ याच्या पुढचे वाक्य ‘आणि ती अमक्याने बुजवली नाहीत’ हे आहे. भातशेतकऱ्याच्या तोंडी ही दोन वाक्ये एका श्वासात येतात, कारण खेकडा त्याच्या भाषेत कारण असला तरी निमित्त कधीच नसतो. बांध फुटला तर शेजारी खेकड्याला विचारत नाही, ‘बांध बघितला नाहीस काय रे?’ असे बांधाच्या धन्याला विचारतो. शिवाय तिवऱ्यात गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. तिथे भोके शोधण्याचे काम लोकांनी फुकट करून दिले होते.

आपण सगळे मात्र खेकड्यावर अडकलो. खेकडा आरोपी की निर्दोष, याचा वाद घालत राहिलो आणि अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस होता हा कंटाळवाणा प्रश्न मागे पडला. विनोद हा निषेधाचा प्रकार आहे हे मला मान्य आहे, पण या खेपेस त्याने सरकारचेच काम हलके केले असे मला वाटते.

खेकड्यानंतरचा कर्ता म्हणजे गर्दी. माझ्या कात्रणांतला सर्वांत अस्वस्थ करणारा शोध इथे लागला. पूल, धरण, जिना यांच्याबद्दल अकर्मक क्रियापदे आणि ‘-ण्यात येणे’ वापरणारी तीच लेखणी मेलेल्या किंवा जखमी झालेल्या माणसांकडे वळली की एकदम कर्ता सरळ समोर ठेवून लिहू लागते. नागरिकांनी गर्दी केली. प्रवाशांनी घाबरून धाव घेतली. पर्यटकांनी सूचनांकडे दुर्लक्ष केले. ‘दुर्लक्ष झाले’ मधल्या दुर्लक्षाला इथे चटकन करणारा मिळतो. कर्ता बहुवचनी, क्रियापद सकर्मक, वाक्य स्वच्छ. शिकवायला घ्यावे असे.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. मुंबईतले एल्फिन्स्टन रोड, आजचे प्रभादेवी, आणि परळ यांना जोडणारा अरुंद पादचारी पूल. अचानक पाऊस आला, माणसे आडोशाला जिन्यावर थांबली, गाड्यांमधून आणखी माणसे उतरत राहिली, आणि चेंगराचेंगरीत तेवीस जण मेले. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत पाऊस, गर्दी, ओझी घेऊन चढणारे लोक ही कारणे आली. आणि त्याबरोबर एक तपशील आला तो मला भाषेचा विद्यार्थी म्हणून विसरता येत नाही. जखमी झालेल्या एका मुलीने सांगितले की एका फुलवाल्याचा भारा पडला, तो ‘फूल गिर गया’ असे ओरडला, आणि लोकांनी ते ‘पुल गिर गया’ असे ऐकले. परळ-दादरच्या फूलबाजाराच्या वाटेवरचा तो पूल, सणाचे दिवस. हे घडले असेलही. एका महाप्राणाचा फरक. पण बघता बघता बातमीचा मथळा तोच झाला, जणू तेवीस माणसे एका व्यंजनाने मारली. ‘पूल पडला’ या हाकेवर मुंबईकराने क्षणात विश्वास का ठेवला, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चार वर्षे रोज त्या जिन्यावर खांद्याला खांदा घासत चढणाऱ्याला, हा एक दिवस पडणार, हे आतून ठाऊक असते, म्हणून. रुंद पूल कागदावर मंजूर झालेला होता. घटनेनंतर लष्कराने तिथे नवा पूल उभारला आणि पुढच्या फेब्रुवारीत तो खुलाही झाला. पाच महिने लागले.

आणि शेवटचा कर्ता, सही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या हिमालय पुलाचा मोठा भाग रस्त्यावर कोसळला. सात जण गेले. पहिले काही तास चर्चा एवढीच होती की पूल कुणाचा. महापालिकेचा की रेल्वेचा? आदल्या दिवशीपर्यंत तो दोघांचाही असणार, त्यावरून फीत कापायची असती तर. दुसऱ्या दिवशी कळले की संरचनात्मक तपासणीत तो वापरायोग्य, किरकोळ दुरुस्तीचा ठरला होता. तपासणी करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली, काही अभियंत्यांवर कारवाई झाली. इथे मराठीला अखेर पूर्ण वाक्य मिळाले, कर्त्यासकट, आणि लोकांचे समाधान झाले.

माझेही झाले होते. आता ते वाक्य मला पोकळ वाटते. त्या तपासणीवर सही करणारा दोषी नव्हता असे मी म्हणत नाही, ते न्यायालय पाहील. पण मोठ्या शहरातल्या शेकडो पुलांची तपासणी कशी दिली जाते, एका पुलाला किती वेळ मिळतो, आलेला अहवाल कोण वाचतो, ‘किरकोळ दुरुस्ती’ हा शेरा आल्यावर निविदा निघेपर्यंत काय होते, या सगळ्यांचे ओझे एका सहीवर टाकले की बाकीची साखळी सुटते. ‘फुटलं’ म्हणून कर्ता लपवता येतो तसा ‘त्याने फोडलं’ म्हणूनही लपवता येतो. बोट एकाकडे केले की बाकीचे हात खिशात जातात. इथे माझ्या स्वतःच्या मांडणीला मुरड घालावी लागते : सकर्मक क्रियापद म्हणजे सत्य असे काही नाही.

कायद्याची भाषाही इथे फार मदत करत नाही. हलगर्जीपणाने मृत्यू या जुन्या ‘३०४ अ’ कलमाला कमाल दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच झाली. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली आला, पण त्यातली शिक्षा मुख्यतः आदेश पाळायला नकार देणाऱ्याला किंवा कामात अडथळा आणणाऱ्याला आहे. न बघणाऱ्याचे काय? न बघणे हा नकार नसतो, त्याची नोंदच नसते. आणि १९५२ च्या कायद्याखाली नेमलेल्या चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. अहवाल आणि केलेल्या कार्यवाहीचे टिपण सभागृहात ठेवणे एवढे बंधन आहे, तेही १९७१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे पानशेतनंतर दहा वर्षांनी आलेले.

चौकशीने नेमके काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल धावत्या गाडीसकट कोसळला. तीन जणांचे चौकशी न्यायालय बसले : रॉदरी, योलंड आणि बार्लो. पूल रचनेत, बांधणीत आणि देखभालीत सदोष होता याबद्दल त्यांच्यात फारसा मतभेद नव्हता. मतभेद झाला तो पुढे. दोष कुणाकडे जातो हे सांगणेही आपले कर्तव्य आहे, असे रॉदरी यांना वाटले. इतर दोघांच्या मते ते नेमून दिलेल्या कामात बसत नव्हते. म्हणून दोन अहवाल निघाले, आणि रॉदरींच्या अहवालात मुख्य ठपका पुलाचे अभियंते सर थॉमस बाउच यांच्यावर आला. बाउच वर्ष उलटायच्या आत वारले. वारा हा कर्ता तेव्हाही तयार होता, बाउच यांच्या बाजूने तो मांडलाही गेला. पण मला या प्रकरणातली मोलाची गोष्ट ठपका ही वाटत नाही. ‘कारण सांगायचे की कर्ता सांगायचा’ हा मतभेद लपवला गेला नाही, तो दोन अहवालांच्या रूपाने छापला गेला, ही वाटते. आपल्या अहवालांत हा प्रश्न गिळलेला असतो.

या लेखाचा पहिला खर्डा मी एका स्नेह्यांना दाखवला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले स्थापत्य अभियंते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी तो वाचून चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ‘तुम्हा मास्तर लोकांना कर्ता हवा असतो. मी तुम्हाला सांगतो, नाव शोधायला लागलात की कागद गायब होतात. ज्याला भेग दिसलीय तो बोलत नाही, कारण बोलला की आधी का नाही सांगितलंस, हा पहिला प्रश्न त्यालाच. दोष बाजूला ठेवून आधी घडलं काय ते विचारा.’ मी म्हटले, ‘काका, घडलं काय ते विचारतच साठ वर्षं गेली.’ ते म्हणाले, ‘नाही. तुम्ही दोन्ही विचारलं नाहीत. तुम्ही आरडाओरडा केलात आणि मग विसरलात.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आताही पूर्ण नाही. त्यांचे म्हणणे मी असे घेतले : प्रश्न एका कर्त्याचा नाही, क्रियापदांचा आहे. पानशेतबद्दल खरे वाक्य लिहायचे तर ते लांबलचक असेल. अमक्याने सळई नाही म्हणून कळवले, अमक्याने त्याशिवाय चालवा असे लिहिले, अमक्याने चालवले, अमक्याला शंका आली, त्याने ती तोंडी सांगितली, ऐकणाऱ्याने ती वर नेली नाही, वरच्याने तारीख बदलली नाही. यातले एकही क्रियापद ‘फोडले’ नाही. प्रत्येक जण शपथेवर सांगू शकेल की मी धरण फोडले नाही, आणि तो खरेच बोलत असेल. अशी वाक्ये मथळ्यात मावत नाहीत आणि सभेत टाळ्या घेत नाहीत. ती लिहायला ज्याने भेग पाहिली त्याला बोलता आले पाहिजे आणि ज्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले त्याचे नाव लिहिता आले पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात, काकांचा मुद्दा तोच होता. मला त्या दोन्ही हव्या आहेत, एवढेच मी म्हणू शकतो.

मोरबीत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झुलता पूल तुटून १३५ माणसे मेली, त्यानंतर अटक झालेल्यांपैकी एका व्यवस्थापकाने न्यायालयात ‘ईश्वराची इच्छा’ असे म्हटल्याचे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्यावर देशभर चीड उसळली. पाऊस, खेकडा, गर्दी यांच्या यादीत हे नाव सर्वांत जुने, म्हणून चीडही लगेच आली असावी. ‘घाई नडली’ यावर कुणी चिडलेले मी पाहिले नाही.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दिसते कमी, ऐकू चांगले येते. सकाळी पेपर मी वाचून दाखवतो. गेल्या जूनमध्ये, १५ जून २०२५ च्या रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल जुना, गंजलेला. दुसऱ्या दिवशी मी बातमी वाचत होतो. पुलावर मर्यादेबाहेर गर्दी झाली होती, लोकांनी दुचाक्याही घातल्या होत्या, पूल धोकादायक असल्याची पाटी होती तिकडे पर्यटकांनी लक्ष दिले नाही, नव्या पुलासाठी निधी मंजूर आहे. आईने मला थांबवले.

‘पाटी होती म्हणतोस?’

‘होती.’

‘कुणी लावली होती?’

मी बातमी पुन्हा पाहिली. पाटी ‘लावण्यात आली होती’, एवढेच होते. तिला तसे सांगितले.

‘ज्यानं लावली त्याला माहीत होतं की मग,’ ती म्हणाली, आणि पुढची बातमी वाच म्हणून हाताने खूण केली.